चरबीच्या वाटेवर पाणी कुठे मुरते?

२०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही इंजेक्शने भारतात विक्रीला आली आणि लठ्ठपणा हा विषय लग्नाच्या पंगतीपासून सोसायटीच्या जिन्यापर्यंत सगळीकडे बोलला जाऊ लागला. ही इंजेक्शने मुख्यतः भूक कमी करतात, एवढे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे आणि ते ढोबळमानाने खरेही आहे. परंतु भुकेच्या पलीकडचा एक प्रश्न उरतोच. शरीराने एकदा साठवलेली चरबी ते सहजासहजी सोडत का नाही?

माझ्या मावशीने हा प्रश्न माझ्यापुढे अगदी नेमक्या शब्दांत मांडला. "अगं, रात्रीचं जेवण निम्मं केलं, पोळ्या मोजून खाते, रोज पाऊण तास चालते. पहिले चार किलो भराभर गेले, आणि आता काटा हलायलाच तयार नाही. पाणी मुरतंय तरी कुठे?" तिला तोवर सगळ्यांनी एकच उत्तर दिले होते, ते म्हणजे तुमचे कुठेतरी खाणे होत असणार. त्या उत्तराने ती फार दुखावली होती. तिचा शब्दप्रयोग मात्र शास्त्राच्या इतका जवळ जाणारा होता की हा लेख त्याच्याच आधाराने लिहीत आहे. चरबी सोडण्याचा हुकूम मेंदूकडून निघतो, तो मज्जातंतूंच्या वाटेने चरबीपर्यंत येतो, आणि त्या वाटेवर बसलेल्या रोगप्रतिकारक पेशी तो पुढे जाऊ देतात किंवा मध्येच मुरवतात. गेल्या वीसेक वर्षांत उलगडत गेलेली ही गोष्ट सामान्य वाचकापर्यंत फारशी पोहोचलेली नाही.

चरबी म्हणजे नुसते कोठार नव्हे

आपल्या चरबीचा बहुतेक भाग पांढऱ्या मेदपेशींचा असतो. प्रत्येक पेशीत तेलाचा एकच मोठा थेंब असतो आणि पेशीचे बाकीचे सगळे अवयव त्या थेंबाभोवती कडेला दाबून बसलेले असतात. दुसरा प्रकार तपकिरी मेदाचा. त्याच्या पेशींत तेलाचे बारीक थेंब आणि ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका दाटीने असतात, आणि त्याचे काम साठवण्यापेक्षा जाळून उष्णता देण्याचे आहे. हा तपकिरी मेद लहान बाळांत भरपूर असतो. मोठ्या माणसांतही तो मानेच्या आणि गळपट्टीच्या हाडांच्या आसपास कार्यरत असतो, हे २००९ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या तीन अभ्यासांनी निर्विवादपणे दाखवले.

मेद केवळ साठवत नाही, तर मेंदूशी बोलतो, ही जाणीव एका उंदरामुळे झाली. अमेरिकेतील मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये अतिशय लठ्ठ उंदरांची एक जात आपोआप उद्भवली. तिथल्याच डग्लस कोलमन यांनी पुढे अशा लठ्ठ उंदराचे रक्ताभिसरण निरोगी उंदराशी जोडले, तेव्हा लठ्ठ उंदराचे खाणे कमी झाले. याचा अर्थ, निरोगी उंदराच्या रक्तात 'आता पुरे' असे सांगणारे काहीतरी होते आणि लठ्ठ उंदरात तेच नव्हते. ते द्रव्य जेफ्री फ्रीडमन यांच्या न्यूयॉर्कमधील गटाने १९९४ मध्ये शोधले आणि त्याला लेप्टिन हे नाव मिळाले. लेप्टिन मेदपेशी स्वतःच तयार करतात. ते रक्तातून मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपर्यंत जाते आणि कोठारात किती शिल्लक आहे याची वर्दी देते.

वर्दी मिळाल्यावर मेंदू दोन कामे करतो. भूक कमी करतो हे पहिले, आणि त्याचीच चर्चा अधिक होते. दुसरे काम म्हणजे तो मेदाला 'साठा मोकळा करा' असा हुकूम पाठवतो. हा लेख त्या दुसऱ्या कामाविषयी आहे.

हुकूम येतो तो मज्जातंतूंच्या वाटेने

आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या मज्जासंस्थेचा एक भाग थंडी, भीती, श्रम, उपासमार अशा वेळी शरीराला सज्ज करतो. त्याला सिंपॅथेटिक मज्जासंस्था म्हणतात, आणि शालेय पुस्तकांतील तिचे नाव अनुकंपी चेतासंस्था असे आहे. डिसेंबरच्या पहाटे थंड पाण्याचा पहिला तांब्या अंगावर पडल्यावर छातीत जी धडधड होते आणि अंगावर काटा उभा राहतो, ते तिचेच काम. त्याच क्षणी, आपल्याला अजिबात न जाणवता, तिचे काही तंतू मेदाकडेही संदेश धाडत असतात.

या तंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रिनॅलिन नावाचे द्रव्य पाझरते. मेदपेशीच्या पृष्ठभागावर त्याला बसण्यासाठी ठरावीक जागा असतात, त्यांना कुलपे म्हणू. किल्ली कुलपात बसली की पेशीच्या आत एकामागून एक विकरे (एन्झाइम) जागी होतात आणि तेलाच्या थेंबातील चरबीचे तुकडे करून स्निग्धाम्ले रक्तात सोडतात. पुढे स्नायू, हृदय किंवा तपकिरी मेद त्यांचे इंधन करतात. इंधन जाळणारे कोणी नसेल तर ही स्निग्धाम्ले पुन्हा मेदात जाऊन बसतात, ही बाब चरबी वितळवण्याच्या जाहिराती कधीच सांगत नाहीत.

पुष्कळ काळ असे मानले जाई की पांढऱ्या मेदाला असा संदेश मुख्यतः रक्तातील अॅड्रिनॅलिनमधून मिळत असावा आणि मज्जातंतू फक्त मेदातल्या रक्तवाहिन्यांसाठी असावेत. पोर्तुगालमधील गुल्बेंकियन विज्ञानसंस्थेत काम करणाऱ्या अॅना डोमिंगोश यांच्या गटाने २०१५ मध्ये हा गैरसमज दूर केला. त्यांनी जिवंत उंदराच्या मांडीजवळील मेदाकडे खास सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा मज्जातंतूंची बारीक टोके थेट मेदपेशींना बिलगलेली दिसली. मग प्रकाशाने उद्दीपित होतील असे तंतू असलेल्या उंदरांत केवळ त्या एका जागी प्रकाश टाकून तंतू चेतवले, आणि तिथला मेद घटला. लेप्टिनचा हुकूमही याच वाटेने येतो हे त्याच अभ्यासात स्पष्ट झाले.

ज्यांनी कालव्याच्या पाण्यावर शेती पाहिली आहे त्यांना हे चित्र चटकन कळेल. मेंदू हे धरण, मज्जातंतू हे पाट, नॉरअॅड्रिनॅलिन हे पाणी आणि मेदपेशी ही टेलची, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाची शेते. वर दार उचलले म्हणजे टेलच्या वाफ्यात पाणी पोहोचलेच असे नव्हे, हे त्या टोकाच्या शेतकऱ्याइतके कोणालाच ठाऊक नसते. मावशीचे पाणी कुठे मुरते ते शोधायचे तर धरणापाशी न थांबता पाटाच्या कडेकडेने चालत खाली जावे लागेल.

मेदात रोगप्रतिकारक पेशी काय करतात?

रोगप्रतिकारक पेशी म्हटले की आपल्याला जंतूंशी लढणारे सैनिक आठवतात. त्यांपैकी मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षी पेशी, प्रत्यक्षात लढाईपेक्षा झाडलोटीचे आणि डागडुजीचे काम अधिक करतात. मेलेल्या पेशी गिळणे, सांडलेले तेल उचलणे, नव्या रक्तवाहिन्यांना वाट करून देणे अशी कामे त्या निरोगी, सडपातळ माणसाच्या मेदातही अहोरात्र करीत असतात.

लठ्ठपणात त्यांची संख्या आणि स्वभाव दोन्ही बदलतात. १९९३ मध्ये बोस्टनमध्ये गोखान होतामिश्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांना लठ्ठ उंदरांच्या मेदात टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारे द्रव्य मिळाले आणि ते इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते असे दिसले. ते येते कुठून, याचे उत्तर मिळायला दहा वर्षे गेली. २००३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी लठ्ठ शरीराच्या मेदात महाभक्षी पेशींची गर्दी दाखवली. सडपातळ उंदरांच्या मेदात एकूण पेशींच्या १० टक्क्यांहून कमी असलेल्या या पेशी अतिलठ्ठ उंदरांत निम्म्याहून अधिक झाल्या होत्या, आणि लठ्ठ माणसांतही त्यांचा वाटा सुमारे ४० टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला.

सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य विसरता येण्यासारखे नाही. फुगत फुगत गेलेली एखादी मेदपेशी प्राणवायू अपुरा पडून मरते, तिचा तेलाचा थेंब तसाच उघडा पडतो, आणि त्याभोवती महाभक्षी पेशी एकमेकींना खेटून कडे करतात. ते कडे इतके नीटस असते की संशोधकांनी त्याला मुकुटाची उपमा दिली आहे. इतका मोठा थेंब एका पेशीला गिळता येत नाही, म्हणून त्या तिथेच तळ ठोकतात आणि दाह वाढवणारी द्रव्ये सोडत राहतात.

हा दाह घोटा मुरगळल्यावर येतो तसा लालबुंद आणि ठणकणारा नसतो. राखेखाली धुमसणाऱ्या निखाऱ्यासारखा तो मंद, न दुखणारा आणि वर्षानुवर्षे चालणारा असतो. तेवढ्यानेही मेद, यकृत आणि स्नायू इन्सुलिनचे म्हणणे नीट ऐकेनासे होतात आणि मधुमेहाची वाट तयार होते.

पाटाच्या काठावर बसलेल्या पेशी

आता या दोन गोष्टी, मज्जातंतू आणि महाभक्षी पेशी, एका जागी येतात. २०१७ मध्ये डोमिंगोश यांच्याच गटाला मेदातील सिंपॅथेटिक तंतूंना वेढा घालून बसलेल्या एका विशिष्ट जातीच्या महाभक्षी पेशी आढळल्या. मेदातील इतर महाभक्षी पेशींहून त्या आकाराने आणि जनुकांच्या वापराने वेगळ्या होत्या. त्यांच्या पृष्ठभागावर नॉरअॅड्रिनॅलिन आत ओढून घेणारे प्रथिन होते आणि आत ते मोडून टाकणारे एमएओ-ए हे विकर होते. थोडक्यात, पाटाला मोटर लावून पाणी उपसण्याची पूर्ण व्यवस्था त्यांच्यापाशी होती. लठ्ठ उंदरांत या पेशी अधिक संख्येने होत्या. संशोधकांनी त्यांतील ओढून घेणाऱ्या प्रथिनाचे जनुक निकामी केले, तेव्हा लठ्ठ उंदरांच्या मेदाला अधिक नॉरअॅड्रिनॅलिन मिळू लागले, पांढऱ्या मेदात तपकिरी गुण उतरले, उष्णता वाढली आणि वजन घटले, तेही टिकून राहिले.

त्याच वर्षी येल विद्यापीठातील विश्वदीप दीक्षित यांच्या गटाने वार्धक्याच्या बाजूने हीच गोष्ट पाहिली. म्हाताऱ्या उंदरांना उपाशी ठेवूनही त्यांचा मेद तरुण उंदरांइतका मोकळा होत नव्हता. तिथेही मज्जातंतूंजवळच्या महाभक्षी पेशी दाहाच्या प्रभावाखाली नॉरअॅड्रिनॅलिन मोडत होत्या, आणि एमएओ-ए हे विकर औषधाने रोखल्यावर मेद पुन्हा प्रतिसाद देऊ लागला. चाळिशीनंतर तेवढेच खाऊन वजन का वाढते या सर्वांच्या प्रश्नाचे हे संपूर्ण उत्तर नव्हे, परंतु उत्तराचा एक तुकडा येथे असावा असे मला वाटते.

पाणी मुरण्याची ही एकच जागा नाही. लठ्ठ आणि वयस्क उंदरांच्या मेदातील मज्जातंतूंचे जाळेच विरळ होते, म्हणजे पाट बुजत जातो. शिवाय दाहाच्या द्रव्यांमुळे मेदपेशींवरील कुलपे कमी होतात आणि पेशीच्या आत गेलेला संदेशही लवकर विझवला जातो, म्हणजे शेताचे दार गंजते. तीन ठिकाणी थोडे थोडे पाणी मुरले तरी टेलला ओल राहत नाही.

मग लठ्ठ माणसाचा रक्तदाब का वाढतो?

जाणकार वाचक येथे रास्त शंका घेईल. सिंपॅथेटिक मज्जासंस्था सुस्त झाली असेल तर रक्तदाब उतरायला हवा, मग लठ्ठपणात तो चढतो कसा? याचे कारण असे की ही संस्था एकाच नळासारखी नाही, तिचे वेगवेगळे पाट वेगवेगळ्या अवयवांना जातात. माणसांमध्ये प्रत्यक्ष मोजणी करून असे दिसले आहे की लठ्ठपणात मूत्रपिंडाकडे आणि स्नायूंच्या रक्तवाहिन्यांकडे जाणारे सिंपॅथेटिक संदेश वाढलेले असतात. मूत्रपिंडाला हुकूम गरजेपेक्षा जोरात ऐकू जातो आणि मेदाला तो ऐकूच येत नाही, अशी ही दुहेरी अडचण आहे. संदेश सरसकट वाढवणारे औषध म्हणूनच धोक्याचे ठरते, त्याविषयी पुढे येईलच.

सगळ्याच पेशी पाणी चोरत नाहीत

येथपर्यंत वाचून रोगप्रतिकारक पेशी म्हणजे लठ्ठपणातील खलनायक असे कोणाला वाटले तर तो अन्याय होईल, कारण पाट खणणाऱ्या आणि राखणाऱ्या पेशीही त्यांच्यातच आहेत. इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील गटाने २०१७ मध्ये दाखवले की तपकिरी मेदातील महाभक्षी पेशींत एक ठरावीक बिघाड केला तर तिथे मज्जातंतूंची वाढ खुंटते आणि उंदीर लठ्ठ होतात. २०२० मध्ये आणखी एक दुवा मिळाला. मेदात वस्तीला असलेल्या गॅमा-डेल्टा टी पेशी एक द्रव्य सोडतात, त्यामुळे मेदपेशी मज्जातंतूंना बोलावणारे दुसरे द्रव्य सोडतात, आणि तंतू मेदात फांद्या फोडतात. या पेशी नसतील तर जाळे विरळ राहते आणि उंदराला थंडी सोसत नाही.

निरोप उलट्या दिशेनेही जातो. लिस्बनमधील एन्रिक वेगा-फर्नांडिश यांच्या गटाने २०२१ मध्ये शोधलेल्या साखळीत मज्जातंतूचे नॉरअॅड्रिनॅलिन प्रथम मेदातील आधारपेशींना मिळते, आधारपेशी एक वाढघटक सोडतात, त्याने आयएलसी-२ नावाच्या रोगप्रतिकारक पेशी जाग्या होतात, आणि त्या मेदाला साठवण्याकडून खर्चाकडे वळवतात. येथे प्रतिकारक पेशी मेंदूच्या हुकमाच्या वाहक आहेत.

माणसांतला एक प्रयोग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. कोपनहेगनमध्ये पोट सुटलेल्या प्रौढांना १२ आठवडे सायकलचा व्यायाम दिला गेला. व्यायामाने स्नायूंतून आयएल-६ हे द्रव्य बाहेर पडते, जे एरवी दाहाचे लक्षण मानले जाते. ज्यांना तुलनेसाठी नुसते खोटे, म्हणजे गुण नसलेले औषध दिले होते त्यांची पोटातली चरबी व्यायामाने घटली, पण ज्यांना आयएल-६ चे काम रोखणारे, संधिवातावर वापरले जाणारे औषध दिले होते त्यांची घटली नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा मज्जातंतूंशी थेट संबंध नाही, तरीही एकच द्रव्य एका प्रसंगी घात करते आणि दुसऱ्या प्रसंगी मदत, ही गोष्ट तो माणसांमध्ये दाखवून देतो. विषाणूशी लढताना, लठ्ठ मेदात आणि धावणाऱ्या पायात आयएल-६ एकच असते. फरक पडतो तो ते कुठे, किती वेळ आणि कोणाच्या सोबतीने आले यामुळे.

मेदही मेंदूला कळवतो

आणखी एक पाट आहे, खालून वर जाणारा. संवेदना वाहणारे मज्जातंतू मेदातूनही मेंदूकडे जातात. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संशोधन संस्थेतील ली ये यांच्या गटाने २०२२ मध्ये उंदरांच्या मेदातील फक्त हे संवेदी तंतू काढून टाकले, तेव्हा त्या मेदात चरबी जाळण्याची आणि घडवण्याची दोन्ही कामे जोरात सुरू झाली. म्हणजे संवेदी तंतू सिंपॅथेटिक तंतूंना लगाम घालत होते. आणि धरणापाशीही गडबड होते. अतिस्निग्ध आहार सुरू केल्यावर उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये दाहाची चिन्हे तीन दिवसांच्या आत, वजन वाढण्याच्याही आधी दिसू लागतात. लेप्टिनची वर्दी रक्तात भरपूर असूनही मेंदू ती ऐकत नाही, असे बहुतेक लठ्ठ माणसांत घडते, आणि हा दाह त्याच्या कारणांपैकी एक मानला जातो.

हे सगळे उंदरांचेच ना?

बरेचसे उंदरांचे आहे आणि ते स्पष्ट सांगितलेच पाहिजे. प्रयोगशाळेतील उंदीर सुमारे २२ अंश सेल्सियसला ठेवले जातात, परंतु उंदराला विनाकष्ट आराम वाटतो तो ३० अंशांच्या आसपास. त्यामुळे हे प्राणी कायम थोडे गारठलेले असतात आणि त्यांची चरबी जाळणारी यंत्रणा आधीच चालू असते. आपण पंख्याखाली आणि चादरीत असतो. उंदराच्या मेदावर जे कुलूप महत्त्वाचे आहे, ते माणसाच्या पांढऱ्या मेदात फारसे नाही, तिथे त्याच कुटुंबातील दुसरी दोन कुलपे काम करतात. शिवाय माणसाच्या मेदावर नॉरअॅड्रिनॅलिन बसल्यावर चरबी सोडण्याऐवजी रोखून धरणारी कुलपेही आहेत, आणि स्त्रियांच्या नितंब-मांड्यांच्या मेदात ती विशेष आढळतात. तिथली चरबी सर्वांत शेवटी हलते या अनुभवामागचे हे एक कारण आहे.

तरीही पाटाकाठच्या त्या महाभक्षी पेशी माणसाच्या सिंपॅथेटिक मज्जागुच्छांतही त्याच सामग्रीसह सापडल्या आहेत, म्हणून हा विषय उंदरांपुरता म्हणून सोडून देता येत नाही.

या शास्त्राने आपली चूक स्वतः दुरुस्त केली आहे, हेही वाचकाने जाणून घ्यावे. २०११ मध्ये एका नामवंत नियतकालिकात असा निष्कर्ष आला होता की काही महाभक्षी पेशी स्वतःच नॉरअॅड्रिनॅलिन बनवतात आणि चरबी जाळायला मदत करतात. तो सर्वत्र उद्धृत झाला. २०१७ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून तपासले, तेव्हा त्या पेशी ते द्रव्य बनवत नाहीत असे दिसून आले. सहा वर्षे ज्या पेशींना पाणी पुरवणाऱ्या समजले गेले, त्यांच्याच काही भावंडांना नंतर पाणी उपसताना पकडले गेले.

मग दाह कमी करणारी किंवा संदेश वाढवणारी गोळी का घेऊ नये?

दोन्ही करून पाहिले गेले आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,००० हून अधिक रुग्णांवर दाहाचे एक द्रव्य रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाची मोठी चाचणी झाली. दाह घटला, हृदयाला काही लाभही झाला, परंतु नव्याने मधुमेह होणाऱ्यांची संख्या कमी झाली नाही. मंद दाह हा मेद निरोगीपणे वाढण्यासाठीही लागतो. उंदरांच्या मेदपेशींत तो पूर्णपणे रोखला, तर मेदाला नीट वाढता येत नाही आणि जादा चरबी यकृतात साठते.

संदेश वाढवण्याचा इतिहास अधिक गंभीर आहे. सिब्युट्रामिन हे औषध नॉरअॅड्रिनॅलिन आणि सेरोटोनिन मज्जातंतूंत परत ओढले जाऊ देत नसे. वजन काही प्रमाणात घटे, परंतु हृदय आणि रक्तवाहिन्यांनाही तोच वाढीव संदेश मिळे. हृदयरोगाचा धोका असलेल्या रुग्णांत झटके आणि पक्षाघात वाढल्याचे दिसल्यावर २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेतून मागे घेतले गेले आणि २०११ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. बाजारात 'आयुर्वेदिक' किंवा 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन घटवण्याच्या काही गोळ्यांत हेच औषध लपवून मिसळलेले जगभर अनेकदा सापडले आहे, म्हणून अशा निनावी पुड्यांपासून दूर राहावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. एमएओ विकर रोखणारी औषधे नैराश्यासाठी वापरली जातात, आणि काही पदार्थांबरोबर किंवा औषधांबरोबर ती घेतल्यास रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीवर जाऊ शकतो, हेही येथेच सांगून ठेवते.

पुढची वाट वेगळी आहे. डोमिंगोश यांच्या गटाने २०२० मध्ये अँफेटामाइन या उत्तेजक द्रव्याच्या रेणूला अशी शेपटी जोडली की ते मेंदूत शिरू शकत नाही, परंतु मेंदूबाहेरच्या सिंपॅथेटिक पेशींना प्रतिसादक्षम ठेवते. उंदरांत खाणे कमी न होता लठ्ठपणाला आळा बसला आणि हृदयावर ताण आला नाही. माणसासाठीचे औषध व्हायला अजून मोठा पल्ला आहे.

पुण्यात मोजलेली चरबी

आपल्याकडे या सगळ्याला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची मोजमापे घेतली आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. तिथली बाळे सरासरी ३.५ किलोची, आपली २.७ किलोची. स्नायू, उंची, पोट सगळे कमी, परंतु पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय, म्हणजे वजन-उंचीचा निर्देशांक, नेमका २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.

काट्यावर बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटातल्या मेदात दाहाचा निखारा धुमसत असू शकतो, तो यामुळे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब सर्वेक्षणाने देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि सुमारे ३५ कोटी लोकांना पोटाचा लठ्ठपणा असल्याचा अंदाज दिला. वजनकाट्यापेक्षा कमरेची फीत आपल्याला अधिक खरे सांगते.

इच्छाशक्तीचे काय?

शेवटी मावशीच्या चार किलोंकडे यायला हवे. वजन घटले की मेदपेशींची संख्या घटत नाही. दरवर्षी त्यांतील सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात, त्यामुळे प्रौढपणी आकडा जवळपास तोच राहतो. आटतो तो फक्त प्रत्येक पेशीतला थेंब. आटलेली पेशी लेप्टिन कमी सोडते. मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा लावतो, भूक वाढवतो आणि धरणाची दारे खाली करतो. चार किलोंनंतर काटा थांबण्यात मावशीच्या खाण्याचा दोष असलाच पाहिजे असे नाही. तिच्या शरीराने पाण्याची पाळी बदलली होती.

चालणे निरर्थक आहे, असा याचा अर्थ होत नाही. कोपनहेगनच्या प्रयोगात पोटातली चरबी व्यायामानेच घटली होती, आणि वजन तेवढेच राहूनही स्नायू इन्सुलिनचे म्हणणे अधिक चांगले ऐकू लागतात. मावशीला मी एवढेच सुचवले की काटा आठवड्यातून एकदाच पाहावा, कमर महिन्यातून एकदा मोजावी, आणि साखर व रक्तदाबाचे आकडे वहीत लिहावेत. वही तिने आणली, पहिल्या पानावर तारीख घातली. मग विचारले, "माझ्या चरबीपर्यंत हुकूम पोहोचतो की नाही, हे कुठे तपासून मिळतं का गं?"

अजून नाही मिळत. स्नायूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत बारीक सुई घालून संशोधक संदेश मोजतात, पण एखाद्याच्या पोटातल्या मेदाला किती नॉरअॅड्रिनॅलिन मिळते आणि त्यातले किती वाटेत मुरते, हे सांगणारी तपासणी आज कोणत्याही दवाखान्यात होत नाही. तिने ते ऐकून घेतले आणि वहीच्या दुसऱ्या ओळीत कमरेचा आकडा लिहिला.